निफाड आणि सुरगाण्यातला स्त्री-पुरुष रोजगार मोजायचा आहे. राज्याच्या-देशाच्या आकड्यांशी जुळवायचा कसा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमची संस्था बचत गटांबरोबर काम करते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड आणि सुरगाणा या दोन तालुक्यांत १५ वर्षं आणि त्यापुढच्या बायका-पुरुषांपैकी किती जण कामात आहेत, हे यंदा मोजायचं ठरलंय. एकीकडे द्राक्ष-कांद्याचा बागायती पट्टा, दुसरीकडे भात-नागलीचा डोंगराळ आदिवासी भाग, म्हणून हे दोन तालुके. आलेला आकडा राज्याच्या आणि देशाच्या आकड्याशेजारी ठेवायचा आहे.

घोळ इथेच होतो. देशातल्या स्त्रियांचं काम करण्याचं प्रमाण २०११ च्या जनगणनेत २५.५ टक्के, २०१७-१८ च्या (केंद्र सरकारच्या) श्रमशक्ती सर्वेक्षणात २२.० टक्के आणि २०२३-२४ मध्ये ४०.३ टक्के. पुरुषांचं अनुक्रमे ५३.३, ७१.२ आणि ७६.३. आधी निम्मे पुरुष कामात आणि नंतर एकदम तीन चतुर्थांश, हे कसं? तुलनेला यातला कुठला आकडा धरायचा? घरं किती घ्यायची? आणि "तुम्ही काम करता का?" असं विचारलं की बायका सरळ "नाही, घरीच असते" म्हणतात, त्यावर उपाय काय?

अनुसूची_१०४

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर छेदात आहे. जनगणनेचे ५३.३ आणि २५.५ हे आकडे एकूण लोकसंख्येवर काढलेले आहेत, म्हणजे पाळण्यातली पोरंसुद्धा छेदात. श्रमशक्ती सर्वेक्षणाचे तुम्ही दिलेले आकडे १५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांवर आहेत. पुरुषांच्या ५३ आणि ७१ मधला फरक बहुतेक तेवढ्यानेच होतो. जनगणनेची तुलना करायचीच असेल तर प्राथमिक गोषवारा (गावनिहाय एकूण आकड्यांचा तक्ता) बाजूला ठेवा आणि वयोगटवार कामगारांचा बी-१ तक्ता घ्या. त्यातून १५ पुढचे वयोगट वेगळे काढून दर स्वतः मांडा. हा तक्ता जिल्ह्याचा मिळतो. गावाचा आकडा फक्त गोषवाऱ्यात असतो आणि तिथे वय नसतं.

दुसरा फरक संदर्भकाळाचा. जनगणना मागच्या वर्षभराचं विचारते. ६ महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी तर सीमांतिक. श्रमशक्ती सर्वेक्षणात दोन मापं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की सगळा अहवाल वाया जातो.

पहिलं माप 'नेहमीच्या स्थिती'चं. मागच्या ३६५ दिवसांत जास्त काळ माणूस श्रमशक्तीत (म्हणजे कामावर किंवा काम शोधत) होता की बाहेर, ते आधी ठरतं. ती मुख्य स्थिती. मुख्य स्थितीने 'घरकाम' असलेल्या बाईने वर्षात ३० दिवस किंवा जास्त आर्थिक काम केलं असेल, तर ती दुय्यम स्थितीने कामगार धरली जाते. ४०.३ मध्ये मुख्य आणि दुय्यम दोन्ही आहेत. दुसरं माप 'चालू साप्ताहिक स्थिती'चं. मागच्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी किमान १ तास काम केलं असेल तर कामावर. २०२३-२४ मध्ये देशाचा बेरोजगारी दर पहिल्या मापाने ३.२ टक्के आणि दुसऱ्याने ४.९ टक्के आला. लोक तेच, सर्वेक्षण तेच, फक्त खिडकी वेगळी. २०२५ पासून दर महिन्याला जे पत्रक निघतं ते साप्ताहिक स्थितीचं असतं. एप्रिल २०२५ च्या ५.१ टक्क्यांची तुलना वार्षिक ३.२ शी करून "बेरोजगारी वाढली" म्हणणं साफ चुकीचं.

तुम्ही दोन्ही मापांचे प्रश्न विचारा. एका माणसामागे पाच-सात मिनिटं जास्त लागतील, पण तुलनेची दोन्ही दारं उघडी राहतील.

शिवाय ४०.३ हा ग्रामीण-शहरी मिळून आकडा आहे. २०२३-२४ मध्ये स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग ग्रामीण भागात ४७.६ टक्के आणि शहरी भागात २८.० टक्के होता. सुरगाण्याच्या पाड्यांची तुलना देशाच्या एकत्रित आकड्याशी करू नका, ग्रामीण स्तंभ घ्या. महाराष्ट्रासाठीही तसंच.

एक आग्रहाची गोष्ट. अहवालात नुसता बेरोजगारी दर छापू नका. २०२३-२४ मध्ये तो पुरुषांचा ३.२ आणि स्त्रियांचाही ३.२ आहे. वाचणाऱ्याला वाटेल, बरोबरी झाली. पण बेरोजगारी दराचा छेद श्रमशक्ती आहे, लोकसंख्या नाही. १०० बायकांमधल्या ४०.३ कामावर, १.४ काम शोधणाऱ्या, आणि उरलेल्या ५८.३ मोजणीतच नाहीत. पुरुषांत मोजणीबाहेर फक्त २१.२. स्त्रियांची खरी हकीकत त्या ५८.३ मध्ये आहे. म्हणून तिन्ही दर शेजारी-शेजारी द्या: श्रमशक्ती सहभाग, कामगार-लोकसंख्या प्रमाण, बेरोजगारी. पडताळा सोपा आहे. सहभाग दराला (१ उणे बेरोजगारी दर) ने गुणलं की कामगार प्रमाण यायला हवं. देशाचा एकूण सहभाग ६०.१ टक्के, म्हणून ६०.१ × ०.९६८ = ५८.२, म्हणजे देशाच्या कामगार प्रमाणाचा छापील आकडाच. तुमच्या तक्त्यात हे जुळलं नाही तर कुठेतरी छेद बदललाय असं समजा.

नमुना_निवड

घरांच्या संख्येचं मी सांगतो. स्त्रियांचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास येईल असं धरा आणि ९५ टक्के खात्रीने ±५ अंकांची चूक चालेल असं ठरवा. साध्या यादृच्छिक नमुन्याला १.९६² × ०.३५ × ०.६५ ÷ ०.०५² = ३५० स्त्रिया लागतात. पण आपण गावं निवडून तिथली घरं घेतो आणि एका गावातल्या बायकांचं काम एकसारखं असतं. टोळी द्राक्षाला गेली की सगळ्याच गेल्या. त्यामुळे नमुना फुगवावा लागतो. गावात १२ घरं, घरात सरासरी दीड स्त्री १५ वरची, म्हणजे १८ स्त्रिया. अंतर्गत साम्य ०.०५ धरलं तर फुगवटा १ + १७ × ०.०५ = १.८५. ३५० × १.८५ = ६४८. दहात एक घर बंद किंवा नकार, म्हणून ६४८ ÷ ०.९ = ७२० स्त्रिया. म्हणजे ४० ठिकाणं आणि ४८० घरं. *हे प्रत्येक तालुक्याला वेगळं.* दोन तालुक्यांत मिळून ४८० घरं घेऊन दोघांचे स्वतंत्र दर छापणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पुरुषांसाठी वेगळा हिशोब नको; ७५ टक्क्यांच्या आसपासच्या प्रमाणाला २८८ पुरतात, तेवढे याच घरांत मिळतात.

एवढं करूनही दोन गोष्टींवर विधान करता येणार नाही. दोन तालुक्यांतला फरक ७ अंकांपेक्षा कमी आला तर "निफाड पुढे" असं लिहू नका, कारण फरकाची चूक ५ × १.४१ होते. आणि स्त्रियांचा बेरोजगारी दर तालुका पातळीवर जवळपास निरर्थक आहे. ६४८ पैकी ३५ टक्के, म्हणजे २२७ श्रमशक्तीत. त्यातल्या ४ टक्के म्हणजे ९ बायका. त्या नऊंवर उभ्या दराची चूक येते ±३.५ अंक. ४ ± ३.५ छापण्यापेक्षा दोन्ही तालुके मिळून द्या, किंवा आधीच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे श्रमशक्तीबाहेरच्यांवर भर द्या.

गावनिवड लोकसंख्येच्या प्रमाणात करा. २०११ च्या यादीतली तालुक्याची गावं क्रमाने लिहा, लोकसंख्येची चढती बेरीज काढा, एकूण भागिले ४० हे अंतर, पहिला आकडा यादृच्छिक, पुढे अंतराने उड्या. ओझर किंवा पिंपळगाव बसवंतसारखं मोठं गाव एकाहून जास्त वेळा येऊ शकतं. आलं तर घाबरून वगळू नका, तितक्या वेगवेगळ्या भागांत जा. सुरगाण्यात गाव निवडलं की काम संपत नाही, कारण गावाला पाच-सात पाडे असतात. सगळ्या पाड्यांची यादी करून त्यातला एक चिठ्ठीने काढा. नाहीतर गणक डांबरी रस्त्याकडच्या पाड्यावरच थांबतो आणि दूरच्या पाड्यावरच्या बायका कागदावर येतच नाहीत.

निवडलेल्या पाड्यातल्या किंवा भागातल्या सगळ्या घरांची आधी यादी करा, मग १२ काढा. घराचा भारांक, म्हणजे ते एक घर तालुक्यातल्या किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा: (तालुक्याची लोकसंख्या ÷ (४० × गावाची लोकसंख्या)) × पाड्यांची संख्या × (यादीतली घरं ÷ १२). बंद घराच्या जागी शेजारचं घर घेऊ नका. शेजारी घरी सापडतो तोच मुळी कामावर न गेलेला असतो, आणि त्याने दर खाली ओढला जातो. संध्याकाळी पुन्हा जा, रविवारी जा, तरी बंद तर 'बंद' लिहा.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. छेदाचं आता लख्ख झालं. एक शंका: सरकारी सर्वेक्षणाची मूळ माहिती फुकट मिळते असं ऐकलंय. त्यातून नाशिक जिल्ह्याचा आकडा काढला तर आपलं ४८० घरांचं काम वाचेल का? आणि भविष्यनिर्वाह निधी, रोजगार केंद्राची नोंदणी, रोहयोची हजेरी हे आकडे वापरता येतील का?

आकडेमोड

मूळ माहिती फुकट मिळते, नोंदणी करून उतरवून घ्यायची. पण तालुका विसरा. घरांचा पत्ता ओळखू नये म्हणून त्यात जिल्ह्याच्या खालचं काही नसतं. जिल्ह्याचंही सांभाळून. २०२३-२४ पर्यंत वर्षाला देशभरात १२,८०० गावं आणि शहरी खंड (शहराचे छोटे भाग), प्रत्येकी ८ घरं. जिल्हा वाटणीत एका जिल्ह्याच्या वाट्याला फार थोडं येई आणि तो आकडा दरवर्षी उड्या मारी. जानेवारी २०२५ पासून रचना बदलली. २२,६९२ ठिकाणं, प्रत्येकी १२ घरं, आणि बहुतेक जिल्ह्यांना स्वतंत्र स्तर धरलंय, म्हणजे त्या जिल्ह्याचा नमुना वेगळा निवडतात. आता जिल्ह्याचा अंदाज पूर्वीपेक्षा टिकाऊ येईल, तरी चुकीची मर्यादा काढल्याशिवाय छापू नका, आणि २०२५ आधीच्या जिल्हा आकड्याशी सलग रेघ ओढू नका.

जुन्या मांडणीच्या फायली वापरल्यात तर हमखास दोन चुका होतात. एक, वार्षिक दरासाठी फक्त पहिल्या भेटीची फाइल घ्यायची असते. शहरी घरांच्या पुढच्या तीन भेटींची फाइल जोडली की शहरातली तीच घरं पुन्हा-पुन्हा मोजली जातात. दोन, भारांक. फाइलमध्ये प्रत्येक घराला दिलेला गुणक १०० ने भागायचा, पण तिथेच दिलेल्या उपनमुन्यांच्या दोन संख्या (एनएसएस आणि एनएससी हे रकाने) सारख्या नसतील तर २०० ने, आणि वर्षभराची फाइल असेल तर शिवाय तिमाहींच्या संख्येने. आधी देशाचा छापील आकडा तुमच्या हिशोबातून येतो का बघा. ४०.३ आला तरच नाशिककडे वळा.

बाकीच्या नोंदींबद्दल स्पष्ट सांगतो: त्या रोजगाराचा दर देत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी साधारण २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांचा. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्याचे कामगार मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या खात्यावर दिसू शकतात, आणि द्राक्षाच्या मळ्यातली बाई त्यात कधीच नसते. रोजगार केंद्राच्या नोंदवहीत नोकरीला लागलेले लोक नाव काढत नाहीत, आणि काम हवं असलेल्या बहुसंख्य बायका तिथे पोचतच नाहीत. रोहयोत मनुष्यदिवस मिळतात, माणसं नव्हे. १,००० मनुष्यदिवस म्हणजे १० बायकांचे शंभर-शंभर दिवस की १०० जणींचे दहा-दहा, हे हजेरीपटात उतरल्याशिवाय कळत नाही.

यातलं एक मात्र उपयोगी आहे. मोठ्या आस्थापना दर तिमाहीला ईआर-१ विवरणपत्र (किती कामगार आहेत ते कळवणारा सरकारी फॉर्म) भरतात, त्यात पुरुष आणि स्त्रिया वेगळे असतात. संघटित क्षेत्रातला स्त्रियांचा वाटा किती, एवढ्यापुरतं ते चांगलं. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाच्या सामाजिक व आर्थिक समालोचनातही जिल्ह्याचे बरेच तक्ते एकत्र मिळतात.

आखाजी_ते_पोळा

नमुना, भारांक सगळं ठीक. पण स्त्रियांचा आकडा पडतो तो उंबऱ्यात, गणकाच्या पहिल्या प्रश्नाला. आणि बहुतेक वेळा उत्तर बाई देतच नाही, ओट्यावर बसलेला घरधनी देतो: "ती काय, घरीच असते." गणक कोड ९२ टाकतो, म्हणजे फक्त घरकाम, आणि पुढच्या घरी जातो. त्या एका ओळीने एक कामगार बाई गायब.

म्हणून पहिला नियम: बाईची माहिती बाईकडूनच, आणि विचारणारीही बाईच असावी. दुसरा: 'काम' हा शब्द वापरायचाच नाही. एकेक गोष्ट नाव घेऊन विचारायची. मागच्या ७ दिवसांत गाईची धार काढली का? शेण-चारा कोण बघतं? घरच्या रानात निंदणी-खुरपणी? कांद्याची रोपं उपटायला, लावायला गेलात? चाळीतला कांदा निवडलात? खळ्यावर कांदा निवडायला, गोण्या भरायला गेलात? द्राक्षाची विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), पॅकहाऊसला मणी काढणं? सुरगाण्याकडे: आवणी (भाताची लावणी), भात कापणी, नागली, मोहफुलं वेचून विकणं, स्ट्रॉबेरी. शिवण, पापड, किराणा दुकानात बसणं. प्रत्येकाला हो म्हटलं की तीन पोटप्रश्न: किती दिवस, दिवसात किती तास, आणि पैसे कोणाच्या हातात आले.

काय धरायचं याची सीमा पक्की लिहून गणकांच्या हातात द्या. घरच्या गाईचं दूध घरातच संपलं तरी ते काम आहे. परसातला भाजीपाला घरी खाल्ला तरी काम आहे. पण घरच्या धान्याच्या कुरडया-पापड घरच्यासाठीच केले तर नाही, विकले तर हो. चुलीसाठी सरपण आणणं, रानातून भाजी खुडून आणणं हे कामात नाही, पण ते ९२ मध्ये टाकू नका, त्याला ९३ आहे. सावडीने एकमेकींच्या रानात जाणं हे कामच, मजुरी हातात पडली नाही म्हणून सोडू नका. या सीमा मलाही सगळ्या पटत नाहीत. दोन तास डोंगर चढून मोळी आणणारी बाई 'कामाबाहेर' का, याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. पण देशाच्या आकड्याशी तुलना हवी असेल तर सीमा त्यांचीच पाळावी लागते. हवं तर ९३ चा आकडा शेजारच्या स्तंभात ठळक द्या. मी तर तो द्याच म्हणेन.

घरच्या शेतात बिनपगारी राबणारीला कोड २१ वेगळा ठेवा, स्वतःच्या नावाने धंदा करणारीत मिसळू नका. २०१७-१८ ते २०२३-२४ मध्ये स्त्रियांचा आकडा चढला त्यात ग्रामीण भागाचा वाटा मोठा आहे आणि कामात असलेल्या स्त्रियांपैकी ६७.४ टक्के स्वयंरोजगारात आहेत. यातल्या किती जणींच्या हातात पैसा येतो, हे २१ वेगळा काढल्याशिवाय कळणार नाही.

आता हंगाम. ऑक्टोबर छाटणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरात विरळणी आणि डिपिंग, जानेवारी ते एप्रिल काढणी. कांद्याची रब्बी लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्चअखेर ते मे. एकदाच जानेवारीत निफाडला गेलात तर साप्ताहिक स्थितीने जवळपास प्रत्येक बाई कामावर दिसेल. ऑगस्टमध्ये गेलात तर उलट. म्हणून ४० ठिकाणं चार तिमाहींत दहा-दहा वाटा. आणि वर्षाचा प्रश्न "किती महिने?" असा विचारू नका, पोळा ते दिवाळी, दिवाळी ते संक्रांत, संक्रांत ते होळी, होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया), आखाजी ते पोळा अशा तुकड्यांत आठवड्याला किती दिवस ते विचारा. बेरीज आपण करायची.

गोदाकाठ

हे सोन्यासारखं आहे. एकच राहिलं. भातकापणी झाली की सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या मळ्यांवर येतात. त्यांना कुठल्या तालुक्यात मोजायचं?

अनुसूची_१०४

नेहमीचं राहणं जिथलं, तिथे. वर्षात ६ महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असेल तर ते कुटुंब सुरगाण्याचंच. पण जानेवारीत सुरगाण्यात घराला कुलूप आणि निफाडात मळ्यावरची झोपडी यादीत नाही, म्हणजे दोन्हीकडून सुटलं. सुरगाण्याची ठिकाणं चार तिमाहींत असतीलच, पण त्यातल्या नोव्हेंबर ते मार्चमधल्या फेऱ्यांत बंद घरांची नावं वेगळ्या कागदावर लिहा, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून कोण कुठे गेलं ते नोंदवा, आणि होळीनंतर लोक परत आले की त्याच घरांना पुन्हा जाऊन वर्षभराचे प्रश्न विचारा. साप्ताहिक स्थिती त्या घरांसाठी कोरी ठेवा. परतल्यानंतरच्या आठवड्याची माहिती जानेवारीच्या रकान्यात भरू नका.

निफाडच्या घरयादीत मळ्यावरच्या झोपड्या आणि शेड वेगळ्या खुणेने घ्या आणि "वर्षात इथे किती महिने?" विचारा. ६ किंवा जास्त म्हणाले तर निफाडचे. कमी म्हणाले तर निफाडच्या दरात धरू नका, पण गाव, पाडा आणि बायका-पुरुषांची संख्या लिहून ठेवा. सुरगाण्याच्या बंद घरांच्या कागदाशी ती यादी ताडून बघता येईल.

नमुना_निवड

याला जोडून: त्या परतलेल्या घरांचा भारांक बदलू नका, ती मूळ १२ मधलीच आहेत. आणि परत भेटीचा प्रवासखर्च आत्ताच अंदाजपत्रकात धरा. मार्चमध्ये पैसे संपले की पहिला कात्रीत सापडतो तो हाच टप्पा, आणि सुरगाण्याच्या स्थलांतर करणाऱ्या बायका नेमक्या त्याच कागदातून गळतात.